टाइलवरचा चिकटा काढताना

रमजानच्या आधी घराची साफसफाई सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या टाइल्सवरचे जुने हुक, स्टिकर आणि टेपचे काळपट चौकोन डोळ्यांत खुपू लागतात. मग सुरी निघते, तारेची घासणी निघते आणि शेवटी ॲसिडची बाटली. ती बाटली बाजूलाच ठेवा, असं आमचं सांगणं आहे.

सिरॅमिक टाइलचा वरचा चकचकीत थर काचेसारखाच असतो. चिकटा त्यात मुरत नाही, नुसता वर बसतो. टाइल बिघडते ती बहुधा तो काढायच्या घाईने. ॲसिडने टेपचा चिकटा सुटत नाही. उलट दोन टाइल्समधल्या फटीतलं सिमेंट झिजतं. शिवाय तिथे आधी ब्लीच पडलेलं असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात हा वायू जिवावर बेतू शकतो.

फोमच्या दुहेरी टेपवर हेअर ड्रायरची गरम हवा एक-दोन मिनिटं द्या. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरा. मग हुकामागे नायलॉनचा दोरा घालून करवतीसारखा पुढेमागे ओढा. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल चोळून १५-२० मिनिटं थांबा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. नंतर भांड्याच्या साबणाने धुवाच; फरशीवर तेल राहिलं तर घरातलं वडीलधारं माणूस घसरायचं.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाला तेल पुरत नाही. त्याला ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर लागतं. ते पटकन पेट घेतं, म्हणून गॅस बंद आणि खिडकी उघडी हवी. प्लास्टिकच्या नळाला ते लागू देऊ नका.

नवा हुक लावायचा तर टाइल तेलकट किंवा ओली नको. चिकटवल्यावर एक दिवस वजन टांगू नये. शेगडीमागे हुक नकोच. उष्णतेने टेप सैल होते. भाड्याच्या घरात मात्र खिळ्यापेक्षा टेप केव्हाही बरी, डिपॉझिटचा प्रश्न असतो!

हुक ओढण्याआधी टाइलवर बोटाने टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला तर ओढू नका, टाइलच हातात येईल. तिथे गवंडीच बोलवावा, आणि मसाला चार ठिपक्यांत न लावता टाइलच्या पूर्ण पाठीला लावायला सांगावं.