लाडवांनंतरचं धिरडं

भाऊबीज उलटली की घरात दोन गोष्टी हमखास उरतात. चिवड्याच्या डब्याच्या तळाशी गाळसाळ आणि बेसनाचा अर्धा डबा. लाडवांसाठी म्हणून दोन किलो डाळ दळून आणलेली असते, थोडं शेवेला जातं, बाकीचं तसंच राहतं. गोड खाऊन खाऊन तोंडाला मिठी बसलेली असते आणि रात्री कुणीतरी म्हणतं, "काही नको आता, दोन धिरडी टाक."

हे "काही नको" मला खटकतं. डाळीच्या पिठाचं धिरडं आपल्याकडे कायम नाइलाजाच्या खात्यात जमा होतं. भाजी नाही, पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय, अवेळी पाहुणे आलेत, तर धिरडं. गुजराती घरांत त्याला पुडला म्हणतात, उत्तरेत चीला. आपल्या हॉटेलांत टोमॅटो घातला की त्याचं 'टोमॅटो ऑम्लेट' होतं, अंड्याचा पत्ता नसताना. एवढी नावं असूनही ते नीट शिकावं असं कुणाला वाटत नाही. म्हणून दहापैकी सात घरांत धिरडं मधे कच्चट आणि कडेला चिवट होतं.

सुरुवात पिठापासून. गिरणीत डबा ठेवताना जुन्या बायका विचारतात, "आधी काय दळलंय?" गव्हावर गहू, डाळीवर डाळ, हा शिरस्ता. चव मिसळू नये एवढाच त्यांचा हेतू असतो, पण आज या प्रश्नाला आणखी एक वजन आलंय. हरभऱ्यात ग्लूटेन नसतं, म्हणून ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना धिरडं चालतं. मात्र तेच बेसन गव्हानंतर त्याच जात्यातून निघालं असेल तर चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असा त्रास आहे. घरचं, खात्रीचं म्हणून तिला धिरडी वाढली आणि दुसऱ्या दिवशी ती आजारी पडली. पीठ गव्हावर दळलेलं होतं. अशा माणसांसाठी डाळ निवडून घरच्याच स्वच्छ मिक्सरमध्ये दळावी आणि गहू-मैदा कधीच न चाळलेल्या बारीक चाळणीने चाळावी. वेळ लागतो, पण खात्री राहते.

लाडवाचं बेसन रवाळ असतं. धिरड्याला बारीक हवं. उरलेलं रवाळ वापरायचं तर फक्त भिजवण जास्त वेळ ठेवायचं. परदेशातल्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट. तिकडच्या दुकानात 'चिकपी फ्लोअर' म्हणून मिळतं ते बहुधा काबुली चण्याचं असतं. आपलं बेसन देशी हरभऱ्याच्या सोललेल्या डाळीचं. दोन्हीला पाणी सारखं लागत नाही, त्यामुळे आईने फोनवर सांगितलेलं माप तिथे चुकतं आणि उगाच आईचं नाव खराब होतं.

आता पाणी. एक वाटी बेसनाला पाऊण ते एक वाटी पाणी, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ, हळद, तिखट, हातावर चोळलेला ओवा, चिमूटभर हिंग (गहू वर्ज्य असलेल्यांसाठी गहूविरहित). पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात, कारण बेसनाचा बाहेरचा थर लगेच भिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. आधी निम्म्याहून कमी पाण्यात भज्यांच्या पिठाहूनही घट्ट कालवायचं, गुठळ्या हाताने मोडायच्या आणि मग सैल करायचं. झाकून निदान अर्धा तास ठेवायचं. कांदा, मिरची, कोथिंबीर अगदी तव्यापाशी जाताना. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि आधी घातलेल्या कांद्याने मघाशी बरोबर असलेलं पीठ पातळ होऊन बसतं. सोडा घालू नका. एकतर गरज नाही, दुसरं म्हणजे सोड्याने हळद लालसर पडते आणि धिरड्यावर डाग उमटतात.

हा अर्धा तास सगळे खातात आणि धिरडं तिथेच बिघडतं. या बाबतीत इटलीतल्या जेनोव्हाकडून शिकावं. तिथे 'फारिनाता' म्हणून चण्याच्या पिठाचा एक पदार्थ आहे. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बस्स. पीठ कित्येक तास भिजत ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात आणि तांब्याच्या मोठ्या पसरट थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. पिठाच्या साधारण तिप्पट वजनाचं पाणी, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी पातळ. त्याची एक दंतकथा आहे. १२८४ साली मेलोरियाच्या सागरी लढाईत जेनोव्हाने पिसाचा पराभव केला. परतताना वादळ लागलं, चण्याच्या पिठाची आणि तेलाची पिंपं फुटली, त्यात समुद्राचं पाणी शिरलं. भुकेल्या खलाशांनी तो लगदा उन्हात वाळवून खाल्ला आणि पदार्थ जन्मला. लढाई खरी, बाकीचं ज्याने त्याने ठरवावं. शेजारच्या फ्रान्सच्या नीस शहरात त्याच जातीचा 'सोका' मिळतो. इटालियन स्थलांतरितांबरोबर तो अर्जेंटिनालाही पोचला आणि तिथे 'फाइना' या नावाने चक्क पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात. हळद नाही, मिरची नाही, ओवा नाही, तरी कच्चट लागत नाही, कारण ते तासन् तास थांबतात. आपण चार मिनिटं थांबत नाही आणि मग कच्चटपणा झाकायला लसूण वाढवतो.

तव्याचं शिक्षण मला आजीकडून मिळालं. तिचा तवा बिडाचा. ती अर्धा कांदा काट्याला नाही, सरळ बोटांत धरायची, तेलात बुडवून तव्यावर गोल फिरवायची. चर्र आवाज आणि तो खरपूस वास आला की पाण्याचा हबका मारायची. थेंब नाचून उडाले की लगेच आच कमी. ही पायरी महत्त्वाची. कडकडीत तव्यावर बेसन टाकताच धरतं आणि पळी फिरवली की पिठाचे गोळे पळीमागे येतात. थंड तव्यावर ते चिकटून बसतं. मधून बाहेर, हलक्या हाताने, वाटीच्या तळाने पसरायचं. कडेने तेल, वर झाकण, मंद आच. मिनिट-दोन मिनिटांत वरची ओली चकाकी जाते, फिका पिवळा रंग गडद होतो, कडा स्वतःहून सुटतात. कडा सुटेपर्यंत उलथणं लावायचं नाही. पहिलं धिरडं तव्याचं, ते फाटणारच. आजी ते स्वतः खायची, उभ्या उभ्या.

पचनाची तक्रार खरी आहे. हरभऱ्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, आतड्यातल्या जिवाणूंना मात्र पचतात, आणि वायू होतो. ओवा-हिंग घालण्याची रीत त्यावरच पडली असावी. बाकी पौष्टिकतेचं म्हणाल तर १०० ग्रॅम बेसनात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं. साठ ग्रॅम बेसनाची दोन धिरडी खाल्ली की साधारण दोन अंड्यांएवढी प्रथिनं मिळतात. डाळीत जे ॲमिनो आम्ल कमी असतं ते धान्यात मिळतं, म्हणून तांदळाचं पीठ केवळ कुरकुरीतपणासाठी नाही. धिरडं पोळीत गुंडाळून डब्यात देणाऱ्या आयांनाही हे गणित न मांडता येत होतं.

सोबत दही आणि शेंगदाण्याची लाल चटणी. सॉसची बाटली आमच्याकडे धिरड्याच्या दिवशी कपाटातच राहते.

आणि तो अर्धा डबा? बेसनात स्निग्धांश असतो, त्यामुळे ते बाहेर ठेवलं की खवट होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि संक्रांतीच्या आत संपवा. उघडल्यावर कडवट वास आला तर त्याचं धिरडं करू नका, पिठलंही नाही.