बेलिन्झोनाचे तीन किल्ले आणि ज्येष्ठांचा एक दिवस

एप्रिल उजाडला, की दवाखान्यात रक्तदाब मोजून घेता घेता ज्येष्ठ मंडळी हळूच एक प्रश्न पुढे करतात. ‘डॉक्टर, मुलगा स्वित्झर्लंडला आहे. महिनाभर राहायला या म्हणतो. जाऊ ना?’ बहुतेकांना माझे उत्तर ‘अवश्य जा’ असेच असते. मात्र तेथे पोहोचल्यावर एकेक दिवस कोठे आणि कसा घालवावा, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, तो प्रकृतीचाही आहे. आपण किंवा आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती अशा प्रवासाला निघणार असाल, तर त्या दृष्टीने एका गावाची ओळख आपणांस करून द्यावी, असे वाटते.

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याकडील सहली प्रथम बर्फाकडे धावतात. युंगफ्राउयोखचे रेल्वेस्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि त्या प्रमाणात प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही कमी होतो. निरोगी माणसाला तेथे थोडी धाप लागते, डोके जड होते, इतकेच. पण नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण, हृदयाची कार्यक्षमता घटलेला रुग्ण, जुनाट दमा किंवा फुप्फुसविकार असलेला रुग्ण यांनी काही तासांत इतक्या उंचीवर जाणे, हा डॉक्टरांशी बोलून घ्यावयाचा निर्णय आहे. तिकीट आधीच काढले आहे, हे त्यावरचे उत्तर नव्हे.

आल्प्स पाहायचे आणि तरीही छातीवर ताण नको, असे ज्यांना हवे आहे त्यांच्यासाठी मी बेलिन्झोना सुचवितो. दक्षिणेकडील तिचिनो या इटालियन भाषक प्रांताची ही राजधानी. चहूकडे उत्तुंग पर्वत, पण गाव मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर. उंचीच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या पुण्याहून बरेच खाली. गावाभोवती मध्ययुगातील तीन किल्ले आहेत आणि इ.स. २००० पासून त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान आहे.

झुरिकहून आगगाडीने पावणेदोन तासांच्या आत येथे पोहोचता येते. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या गोटहार्डच्या तळबोगद्यातून ही गाडी जाते. लांबी ५७ किलोमीटर. डोंगर चढून न जाता त्याच्या पायथ्यातूनच आरपार गेल्यामुळे प्रवासात उंचीचा त्रास नाही, वळणांची मळमळ नाही. दृश्यही नाही, हे खरे. ज्यांना दृश्य हवे त्यांच्यासाठी १८८२ चा जुना डोंगरी मार्ग अजून चालू आहे. त्यावर वासेन गावचे चर्च तीन वेळा, तीन निरनिराळ्या उंचींवरून दिसते. गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढते म्हणून. वेळ मात्र अधिक लागतो. एका दिवसात जाऊन यायचे असेल, तर जाताना बोगदा आणि येताना प्रकृती साथ देत असेल तरच जुना मार्ग, असे ठरवावे. चाकाची खुर्ची न्यायची असेल, तर रेल्वेला आधी कळवावे. चढण्या-उतरण्यास साहाय्य मिळते.

गावाचे महत्त्व नकाशाकडे पाहिले की ध्यानात येते. गोटहार्ड, लुकमानियर, सान बेर्नार्दिनो या खिंडींतून उतरणाऱ्या वाटा येथे एकत्र येतात आणि दरी इतकी अरुंद होते, की एका भिंतीने ती अडविता यावी. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हे नवे नाही. नाणेघाटावर पहारा ठेवणारा जीवधन पाहिलेल्याला हा विचार लगेच उमगतो. मिलानच्या अधिपतींनी, आधी व्हिस्कोंती आणि मग स्फोर्झा घराण्याने, उत्तरेकडून येणाऱ्या स्विस फौजांना येथेच रोखण्याचा चंग बांधला. कास्तेलग्रांदे या मुख्य किल्ल्यापासून नदीच्या दिशेने त्यांनी ‘मुराता’ नावाची प्रचंड तटबंदी उभारली. शेवटी इ.स. १५०० मध्ये गाव स्विसांच्या हाती गेलेच. पुढे १५१५ मध्ये वरच्या दरीत दरड कोसळून साचलेले सरोवर फुटले आणि त्या पुराने मुरातेचा काही भाग वाहून नेला. शत्रूला जे जमले नाही, ते पाण्याने केले.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कास्तेलग्रांदे गावाच्या मधोमध, सुमारे पन्नास मीटर उंच खडकावर आहे. वर जाण्यास पायवाटा आहेत. पण त्या चढण्याची गरज नाही. खडकाच्या पायथ्याशी पियाझा देल सोले, म्हणजे ‘सूर्याचा चौक’, आहे. तेथे खडकातील एका उंच, अरुंद फटीतून आत शिरावे. समोर लिफ्ट असते. ती थेट किल्ल्यावर नेऊन सोडते. आउरेलिओ गालफेत्ती या वास्तुविशारदाने १९८० च्या दशकात किल्ल्याचा जीर्णोद्धार करताना ही योजना केली. आधुनिक काँक्रीट आणि प्राचीन खडक यांची ही सोयरीक काहींना रुचत नाही. मला वैद्य म्हणून ती अत्यंत रुचते. गुडघ्यांची झीज झालेल्या माणसाला किल्ल्यावर सन्मानाने पोहोचविणारी वास्तू माझ्या मते सुंदरच असते.

वर विस्तीर्ण हिरवळ आहे, तट आहेत, पांढरा आणि काळा अशा नावांचे दोन बुरूज आहेत. बुरुजांवर चढण्याचा मोह ज्येष्ठांनी आवरावा. तटाच्या कडेने चालले तरी पूर्वेकडे मोंतेबेल्लो आणि त्याच्याही वर, डोंगराच्या खांद्यावर, सासो कोर्बारो हे दोन्ही किल्ले दिसतात. या खडकावर चौथ्या शतकातच रोमनांनी ठाणे बांधले होते. येथे संग्रहालय आहे, उपाहारगृह आहे आणि म्हणूनच स्वच्छतागृहही आहे. या शेवटच्या सोयीविषयी अधिक विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

गतवर्षी सप्टेंबरात आम्ही सासूबाईंना घेऊन येथे गेलो होतो. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. मोंतेबेल्लोकडे निघण्याची वेळ आली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जावईबापू, तुम्ही सगळे जाऊन या. मला इथंच बरं वाटतंय.’ त्यांच्या हातातील पाण्याची बाटली सकाळी भरली होती तशीच होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पाण्याचे विचारले. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘परक्या गावात सारखं कुठे शोधत बसायचं? म्हणून नाही प्यायले.’ सकाळची लघवीची गोळीही त्यांनी याच कारणासाठी पर्समध्ये तशीच ठेवली होती.

हे केवळ आमच्या घरचे नाही. मुलांचा दिवस आपल्यामुळे बिघडू नये, या एका विचाराने असंख्य ज्येष्ठ प्रवासात पाणी पिणे सोडतात आणि गोळ्या परस्पर वगळतात. त्यातून काय होते? रक्तातील पाणी घटते, उठताना रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. उन्हाळ्यात तिचिनोत पारा तीस अंशांच्या वर सहज जातो. अशा दिवशी दगडी फरसबंदीवर आलेली एक चक्कर खुब्याचे हाड मोडण्यास पुरेशी असते. उलट, दुबळ्या हृदयाच्या रुग्णाने लघवीची गोळी दोन-तीन दिवस वगळली, तर पायांवर सूज येऊन रात्री धाप लागू शकते.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि सहा तासांत ओसरतो. आपल्या डॉक्टरांना विचारून सहलीच्या दिवशी ती पहाटे घ्यावी, म्हणजे जोराची वेळ घरीच निभावते. किंवा परतल्यावर दुपारी घेतलेली चालेल का, हे विचारून ठेवावे. वेळ बदलणे आणि गोळी बुडविणे यांत फार मोठे अंतर आहे. पाणी एकदम न पिता दर अर्ध्या तासाने थोडे थोडे घ्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण आखून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. आणि सोबत असणाऱ्यांनी स्थानक, संग्रहालय, उपाहारगृह असे प्रत्येक ठिकाण सोडण्यापूर्वी ‘मी जाऊन येतो, चला तुम्हीही’ असे स्वतःहून म्हणावे. त्यात वडीलधाऱ्यांचा संकोच निम्मा सरतो. सुटी नाणी खिशात असू द्यावीत. काही ठिकाणी लागतात.

‘काही होतंय का?’ असे मात्र विचारू नये. त्याचे उत्तर ‘काही नाही’ हेच येते. ‘बाटली किती संपली?’, ‘दुपारची गोळी कोणत्या खिशात आहे?’, ‘डावा गुडघा की उजवा?’ अशा प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात.

त्या दिवशी सासूबाई स्वच्छतागृहात जाऊन आल्या, पाणी प्यायल्या आणि अर्ध्या तासाने मोंतेबेल्लोला जाण्यास स्वतःहून तयार झाल्या. आम्ही टॅक्सी केली. तो किल्ला गावापासून सुमारे नव्वद मीटर उंच आहे. कोलेजियाता चर्चजवळून पायऱ्यांची वाट आहे, पण ती धडधाकट पायांसाठी. हंगामात पर्यटकांना फिरविणारी छोटी गाडीही असते. चढणे जमले म्हणून उतरणे जमेलच, असे मानू नये. उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे भार अधिक पडतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. हा नियम घरच्या जिन्यावर आठवडाभर गिरवून मगच विमानात बसावे.

जेवणाकडे वळू. येथील उपाहारगृहांत दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन या वेळेतच मिळते. अडीच वाजता गेलात, तर स्वयंपाकघर बंद. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींसाठी हा गैरसोयीचा नव्हे, धोक्याचा प्रसंग असतो. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात. पण वृद्धांमध्ये पुष्कळदा केवळ चिडचिड किंवा बोलण्यातील गोंधळ एवढेच लक्षण दिसते आणि घरचे त्याला थकवा समजतात. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग काही खाऊ घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. रुग्णवाहिकेसाठी १४४ हा क्रमांक फिरवावा. शाकाहारी मंडळींना मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि रिसोत्तो चालतो, मात्र रिसोत्तो मांसाच्या रश्शात शिजविलेला असू शकतो, विचारून घ्यावे. शनिवारी गेलात तर सकाळी जुन्या गावात बाजार भरतो. चीज, पाव, फळे तेथेच मिळतात आणि बाकावर बसून खाता येतात.

तिसरा किल्ला, सासो कोर्बारो, गावापासून सुमारे २३० मीटर उंच. जॉर्निकोच्या लढाईत १४७८ च्या अखेरीस स्विसांकडून हार पत्करल्यावर मिलानच्या सत्ताधीशांनी तो १४७९ मध्ये अवघ्या सहा महिन्यांत बांधून घेतला. वरपर्यंत मोटाररस्ता आहे. आम्ही गेलो नाही. मोंतेबेल्लोच्या तटावरून तो सासूबाईंनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘एवढ्या घाईनं बांधला, मग तरी गाव गेलंच ना?’ पाच वाजण्याच्या आत आम्ही स्थानकावर होतो. तरुण मंडळींना तिन्ही किल्ले पाहायचेच असतील, तर त्यांनी वर जावे आणि एकाने खाली वडीलधाऱ्यांसोबत थांबावे; ती पाळी आळीपाळीने यावी, नेहमी सुनेवरच येऊ नये.

निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल थोडे. औषधे हातातील सामानातच ठेवावीत. विमानाच्या पोटातील सामानात इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा धोका असतो. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असावीत, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. गोळ्यांचे नवे वेळापत्रक जाण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, पण जुन्या आजारांचा खर्च त्यात धरला आहे का, हे कागद उघडून वाचावे.

आणि घरी परतल्यावर रात्री दोन्ही पाय उजेडात तपासावेत. मधुमेहींनी तळव्यांवरील फोड, बोटांमधील ओल पाहावी. दोन्ही पावलांवर थोडी सारखी सूज असेल आणि पाय उंच ठेवल्यावर सकाळी ती उतरली असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, आणि लांबचा विमानप्रवास होऊन दोन-चार आठवडेच झाले असतील, तर रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सोबत धाप किंवा छातीत कळ असेल, तर सकाळची वाट पाहू नये.