रिप्युनिट मूळ संख्या

केवळ १ हा अंक ओळीने लिहून मिळणाऱ्या संख्यांना (उदा., ११, १११, ११११) रिप्युनिट संख्या म्हणतात. त्यांपैकी ज्यांना १ व ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसतो, त्या रिप्युनिट मूळ संख्या होत. त्या अत्यंत विरळ आहेत. ११ नंतरची अशी संख्या थेट एकोणीस अंकी आहे.

अंकांची संख्या संयुक्त असेल, तर रिप्युनिट संख्याही संयुक्तच असते; कारण एकांचे सारखे गट पाडता येतात. उदा., १११११११११ या नऊ अंकी संख्येला १११ ने नि:शेष भाग जातो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. १११ = ३ × ३७, तर एकोणीस अंकी संख्येच्या आधीच्या पाच व सात अंकी संख्या अनुक्रमे ४१ × २७१ व २३९ × ४६४९ अशा फुटतात.

एकोणीस अंकी संख्येची परीक्षा घेताना फेर्मा यांचा सिद्धांत उपयोगी पडतो. तिचा कोणताही मूळ विभाजक घेतला, तर त्यातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला १९ ने भाग जावा लागतो. ती संख्या समही असल्याने ३८ ने भाग जातो. तिचे वर्गमूळ सु. १०५ कोटी असल्याने तेवढ्या मर्यादेतील सु. २ कोटी ७७ लाख संख्याच तपासाव्या लागतात. संगणकास हे काम किरकोळ आहे. हाताने करणाऱ्यास ते अशक्यप्राय होय. तरीही संगणक नसताना, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, ऑस्कर हॉपे यांनी ती मूळ असल्याचे अन्य मार्गाने सिद्ध केले.

या संख्येने १ ला भागल्यास दशांश चिन्हापुढे अठरा शून्ये व एक ९ असा एकोणीस अंकी गट सतत आवर्तित होतो. एकोणीस अंकी आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही, हा तिचा खास विशेष होय.

महाराष्ट्रात या संख्यांचा परिचय वेगळ्या वाटेने झाला. डहाणू येथे जन्मलेले व देवळाली येथे शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी ज्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले, त्यांत रिप्युनिटांचे वर्ग येतात : १२१, १२३२१, १२३४३२१ इत्यादी. डेम्लो हे आजच्या डोंबिवली रेल्वे स्थानकाचे जुने नाव. हा चढता-उतरता क्रम नऊ एकांपर्यंतच टिकतो. दहाव्यापासून हातचा येऊन तो मोडतो. कापरेकरांच्या शोधांकडे व्यावसायिक गणितज्ञांनी दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मध्ये लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले.

पुढील मूळ रिप्युनिट तेवीस अंकी आहे. ३१७ अंकी संख्या १९६६ च्या सुमारास ‘संभाव्य मूळ’ ठरली, पण सिद्धतेस आणखी अकरा वर्षे लागली. १,०३१ अंकी संख्येची सिद्धता १९८६ मध्ये, तर ४९,०८१ अंकी संख्येची २०२२ मध्ये मिळाली. संभाव्य व सिद्ध यांतील हा भेद गौण नव्हे. संभाव्यतेची कसोटी क्वचित संयुक्त संख्येसही उत्तीर्ण करते. रिप्युनिट मूळ संख्या अनंत असाव्यात असा तर्क आहे, मात्र त्याची सिद्धता अद्याप मिळालेली नाही.