पेल्यातले बुडबुडे आणि लक्ष्मी ताल

झाशीच्या लक्ष्मी ताल या तळ्याजवळ महालक्ष्मीचं देऊळ आहे आणि १८५३ साली वारलेले झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री, म्हणजे समाधीही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत तळ्यातल्या माशांना धाप का लागते, हे मुलांना घरीच दाखवता येतं.

काचेच्या पेल्यात गार पाणी भरून तासभर उन्हात ठेवा. सोडा नाही, फुंकर नाही, तरी काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटतात. बोटाने टिचकी मारली की सुटून वर येतात. ही पाण्यात विरघळलेली हवा! साखर कोमट पाण्यात जास्त विरघळते. वायूंचं नेमकं उलट. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यातच उष्णतेने माशांची ऑक्सिजनची गरज वाढते. तळ्यात सांडपाणी मिसळलं, तर ते कुजवणारे जिवाणूही त्यातलाच वाटा खातात. रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून येतात.

मोकळ्या हवेची गंमत वेगळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडाला फुगा लावून ती गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा. फुगा मान वर काढतो. टरारून फुगेल ही अपेक्षा मात्र नको: २० वरून ६० अंशांवर गेलेली हवा जेमतेम १४ टक्के प्रसरण पावते.

बाटली काचेची असेल तर उकळतं पाणी वापरू नका, तडकेल. आणि पातेलं मोठ्यांनीच उचलावं.