घरखर्चाचे गणित – ९ : ठरावीक दर संपताना

ब्रिटनमध्ये संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना वर्षा-दोन वर्षांतून एकदा वीज आणि गॅस कंपनीचे पत्र येते : तुमची ठरावीक दराची योजना अमुक तारखेला संपत आहे. पत्र हाती पडले की बहुतेक जण नवा दर जुन्या दराच्या शेजारी ठेवतात, वाढ पाहून हळहळतात आणि ‘बघू नंतर’ म्हणून कागद बाजूला सारतात. माझ्या मते चूक इथेच होते. जुना दर ज्या बाजारभावावर बेतलेला होता तो भाव आता उरलेला नाही, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून निर्णयाला काहीच मदत होत नाही. तुलना करायची ती पुढच्या बारा महिन्यांच्या दोन खर्चांची : नवा ठरावीक दर घेतला तर किती पडेल आणि काहीच केले नाही तर किती पडेल.

काहीच केले नाही तर वीज तुटत नाही. कंपनी तुम्हाला आपल्या नेहमीच्या, बदलत्या दरावर टाकते. कंपनी बदलली तरी दिवे क्षणभरही जात नाहीत, कारण तारा आणि गॅसच्या नळ्या त्याच राहतात. बदलते ते फक्त बिल पाठवणाऱ्याचे नाव. मुंबई उपनगरांतल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तिथे २००९ पासून एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येते आणि तारांच्या वापराचा वहन आकार बिलात वेगळा दिसतो. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकांना ही मोकळीक १९९० च्या दशकाच्या अखेरीस मिळाली. २०२२ च्या उन्हाळ्यापासून तर कंपनीबदल साधारण पाच कामकाजी दिवसांत उरकतो. बदलाच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे दोन कंपन्यांच्या बिलांत वाद उरत नाही.

या बदलत्या दरावर ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेची कमाल मर्यादा असते, तिला तिथे प्राइस कॅप म्हणतात. ती जानेवारी २०१९ पासून लागू आहे. वर्तमानपत्रांत तिचा वर्षाचा एकच आकडा छापला जातो आणि त्यातून दोन गैरसमज होतात. एक म्हणजे बिल त्या रकमेपुढे जाणारच नाही असे वाटते. प्रत्यक्षात मर्यादा असते ती दर युनिटच्या भावावर आणि रोजच्या स्थिर आकारावर. जास्त वापराल तर जास्त भराल. दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. ही मर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते, पण आकडा वर्षाचा असल्यामुळे तोच भाव वर्षभर राहील असे मनात बसते. जुलै २०२४ मध्ये तो आकडा १,५६८ पौंड होता, म्हणून अनेकांना ठरावीक दर घेण्याची गरज वाटली नसेल. पण तो भाव लागू होता जुलै ते सप्टेंबर, म्हणजे घर तापवायला गॅस जवळजवळ लागतच नाही त्या महिन्यांत. ऑक्टोबरला आकडा १,७१७ झाला, जानेवारीला १,७३८ आणि एप्रिल २०२५ ला १,८४९. स्वस्ताईचे तीन महिने उन्हाळ्यात गेले आणि थंडीतला गॅस वाढलेल्या भावाने जळला. नव्या योजनेची तुलना आजच्या मर्यादेशी न करता पुढच्या चार तिमाहींशी करायची, आणि त्यातही थंडीच्या दोन तिमाहींना जास्त वजन द्यायचे, ते यासाठी.

यावर कोणी म्हणेल की पुढचा भाव आपल्याला कुठून कळणार? नेमका कळणार नाहीच, आणि म्हणून ठरावीक दराकडे मी विम्यासारखे पाहतो. त्याचा हप्ता किती जड आहे एवढे तपासावे. २०२१ च्या शरदात तो फारच जड होता. मर्यादा १,२७७ पौंडांवर होती आणि घाऊक बाजारात गॅस भडकल्यामुळे नव्या ठरावीक योजना तिच्या बऱ्याच वर गेल्या होत्या. तेव्हा गप्प राहणाऱ्याचे चुकले नाही. एप्रिल २०२२ मध्ये मर्यादा १,९७१ झाली. ऑक्टोबरला ती ३,५४९ होणार होती, पण सरकारने सरासरी बिल २,५०० च्या आसपास धरून ठेवले. एरवी मात्र गप्प राहण्याची किंमत मोजावी लागते. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने (सीएमए) २०१६ च्या अहवालात सांगितले होते की सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के ग्राहक महागड्या नेहमीच्या दरावरच पडून होते आणि घरगुती ग्राहक मिळून वर्षाला सरासरी १.४ अब्ज पौंड जास्त भरत होते.

आता घरच्या आकड्यांकडे. महिन्याचा डायरेक्ट डेबिट किती, यावर योजना निवडू नये; तो कंपनीचा अंदाज असतो आणि कमी दाखवता येतो. बिलावर वर्षाचा वापर युनिटमध्ये दिलेला असतो, तो घ्यावा. समजा, एका योजनेत विजेचे युनिट २ पेन्सनी स्वस्त आहे, पण स्थिर आकार रोज १० पेन्सनी जास्त. वर्षाला २,७०० युनिट वापरणाऱ्या घरात युनिटवर ५४ पौंड वाचतात, स्थिर आकारात साडेछत्तीस जातात, म्हणजे साडेसतरा पौंडांचा फायदा. १,८०० युनिट वापरणाऱ्या दोघांच्या घरात मात्र वाचतात ३६ आणि जातात साडेछत्तीस. शेजाऱ्याला परवडलेली योजना आपल्याला परवडेलच असे नाही.

स्वस्त दर देणारी नवी कंपनी बुडाली तर, ही शंका रास्त आहे. २०२१ मध्ये दोन डझनांहून अधिक कंपन्या बंद पडल्या, त्यांत लाखो ग्राहकांची ‘बल्ब’ही होती. कोणाच्या घरची वीज गेली नाही आणि खात्यात जमा असलेली रक्कमही सुरक्षित राहिली. बुडाला तो त्यांचा ठरावीक दर, आणि त्या पडझडीचा खर्च पुढे सगळ्यांच्याच बिलांत वाटला गेला. तरीही खात्यात मोठी शिल्लक साचू न देणे बरे. दुसरी भीती अडकून पडण्याची. मुदतीआधी सोडल्यास बाहेर पडण्याचे शुल्क लागू शकते. शेवटच्या ४९ दिवसांत ते आकारता येत नाही. त्या काळात नवी योजना निवडली आणि मन बदलले, तर ती रद्द करायलाही १४ दिवस मिळतात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. रात्रपाळी करणाऱ्या नर्सने किंवा इंग्रजी कागदांची धास्ती घेणाऱ्या आजींनी घाऊक गॅसच्या भावावर नजर ठेवायची, हे न्यायाचे आहे का? मला ते न्यायाचे वाटत नाही. प्राइस कॅप आली तीही याच कारणाने, आणि ती राहिली पाहिजे. पण तिच्या भरवशावर राहणाऱ्याला तिमाही चढउतार सोसावे लागतात, आणि थकबाकीमुळे ज्यांना कंपनी बदलता येत नाही त्यांना तर दुसरी वाटच नसते. प्रीपेड मीटरवाल्यांना ५०० पौंडांपर्यंतचे देणे नव्या कंपनीकडे सोबत नेता येते, पण ही सवलत पुष्कळांना माहीतच नसते. पुढच्या आठवड्यात त्या मीटरबद्दल.