आकडे बोलके करणारे आलेख

कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला की त्यात आकड्यांची कोष्टके असतातच. सभासद संख्या, वर्गणी, शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा खर्च, परीक्षांचे निकाल अशी कितीतरी माहिती कार्यकर्ते कष्टाने गोळा करतात. परंतु सर्वसाधारण सभेत बसलेल्या किती सभासदांना त्या कोष्टकांवरून संस्थेची खरी स्थिती कळते? आकडे कळले नाहीत तर प्रश्न विचारता येत नाहीत आणि अहवाल न वाचताच मंजूर होतो. म्हणून संख्यात्मक माहिती आलेखाद्वारे कशी मांडावी, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

आलेखांचा इतिहास फार जुना नाही. स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषालेख व स्तंभालेखाच्या रूपात प्रसिद्ध केले. १८०१ साली त्यांनीच वृत्तालेख वापरला. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातील मृत्यूंची आकृती तयार केली. लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले, हे ती आकृती पाहताच कळत होते. सैनिकी रुग्णालयांतील स्वच्छतेच्या सुधारणेसाठी त्यांनी या आकृतीचा आधार घेतला.

आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सुमारे ६० रंगीत आलेख हाताने तयार केले. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय समाज प्रगती करूच शकत नाही, असे त्या काळी उघडपणे बोलले जाई. डू बॉइस यांनी त्याला आकड्यांनी उत्तर दिले. जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन १८७४ मध्ये सुमारे ३ लाख ३८ हजार एकर होती, ती १८९९ मध्ये १० लाख एकरांवर गेली. ही वाढ, तसेच साक्षरता, व्यवसाय व लोकसंख्या यांची माहिती त्यांनी ठळक रंगांत मांडली. या कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. याच डू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या.

आता प्रत्यक्ष आलेखांकडे वळू. कोणता आलेख काढावा हे आपल्या प्रश्नावर अवलंबून असते.

१) वेगवेगळ्या गोष्टींची तुलना करायची असल्यास स्तंभालेख काढावा. उदा. पाच शाखांची सभासद संख्या.

२) काळानुसार झालेला बदल दाखवायचा असल्यास रेषालेख योग्य ठरतो.

३) एकूण रकमेतील वाटे दाखवायचे असल्यास वृत्तालेख चालतो. वर्तुळाचे ३६० अंश असल्याने एका टक्क्याला ३.६ अंश येतात. समजा, १०० रुपयांपैकी ४५ रुपये शिष्यवृत्तीवर, २५ वसतिगृहावर, २० ग्रंथालयावर आणि १० कार्यालयावर खर्च झाले; तर कोन अनुक्रमे १६२, ९०, ७२ व ३६ अंशांचे होतील. वाटे पाच-सहापेक्षा जास्त असतील तर मात्र स्तंभालेखच बरा.

४) तालुकावार किंवा जिल्हावार माहिती नकाशावर छटा देऊन दाखवावी.

एक उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण (टक्के) असे होते :

१९९१ – पुरुष ७६.५६, स्त्रिया ५२.३२
२००१ – पुरुष ८५.९७, स्त्रिया ६७.०३
२०११ – पुरुष ८८.३८, स्त्रिया ७५.८७

विद्यार्थ्यांनी हे आकडे आलेख कागदावर दोन रेषांनी दाखवून पाहावेत. दोन्ही रेषा वर चढतात, पण स्त्रियांची रेषा अधिक वेगाने चढते. दोहोंमधील अंतर २४.२४ वरून १८.९४ व पुढे १२.५१ इतके कमी होते. अंतर मिटत आले आहे पण मिटलेले नाही, ही गोष्ट कोष्टकात शोधावी लागते. आलेखात ती आपोआप डोळ्यांत भरते.

मात्र जे साधन सत्य लवकर पोहोचवते, ते असत्यही तितक्याच लवकर पोहोचवते. महाराष्ट्राची एकूण साक्षरता २००१ मध्ये ७६.८८ टक्के व २०११ मध्ये ८२.३४ टक्के होती. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी ७५ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ चौपट उंच दिसेल. आकडा एकही खोटा नाही, तरी पाहणाऱ्याची फसवणूक झालीच. म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. तसेच दुप्पट संख्या दाखवण्यासाठी माणसाचे चित्र उंचीने व रुंदीने दुप्पट काढले, तर ते चौपट जागा व्यापते. त्याऐवजी त्याच आकाराची दोन चित्रे काढावीत. संगणकावर सहज मिळणारे जाड, तिरके दिसणारे वृत्तालेखही टाळावेत; पुढच्या बाजूचा वाटा त्यात उगाच मोठा भासतो.

आणखी काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक आलेखाला शीर्षक, वर्ष, एकक व माहितीचा उगम द्यावा. एका आलेखात एकच मुद्दा सांगावा. अहवालाच्या प्रती काळ्या शाईत निघणार असतील तर रंगांऐवजी रेघा व ठिपके वापरावेत. मूळ कोष्टक परिशिष्टात जरूर द्यावे, म्हणजे ज्याला पडताळून पाहायचे आहे त्याला ते पाहता येईल.

संस्थेचा पैसा हा सभासदांच्या घामाचा पैसा असतो. त्याचा हिशोब शेवटच्या रांगेतील, कमी शिकलेल्या सभासदालाही समजला पाहिजे. आपल्या शिकलेल्या तरुणांनी संस्थेच्या पुढील अहवालासाठी निदान दोन आलेख तरी स्वतः तयार करावेत. एक जमाखर्चाचा असावा आणि दुसरा आपल्या वस्तीतील मुलामुलींच्या शिक्षणाचा. निकाल समाधानकारक नसला तरी तो जसा आहे तसाच दाखवावा. पुढे काय करायचे, हे ठरवायला त्याचाच उपयोग होईल.