आलापल्लीच्या नाक्यावरून गेलेला माल

आलापल्लीचा नाका लहान आहे, पण दक्षिण गडचिरोलीतला माल बाहेर जायचा तर बहुतेक वेळा इथूनच जातो. अहेरी हाकेच्या अंतरावर. सिरोंचा, भामरागड आणि एटापल्लीचे रस्ते इथे येऊन मिळतात आणि पुढे आष्टीकडे निघतात. या वाटेने आधी सागवान गेले, मग बांबू आणि तेंदूपत्ता गेला, आता लोहखनिज जाते. माल बदलला तसे राज्यकर्तेही बदलले. अहेरीची जमीनदारी १९५१ साली संपली. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता, पुढे चार वर्षे द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. या सगळ्या काळात लोकांना काम अगदीच मिळत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्या कामाचा भाव कोण ठरवतो आणि मालाचा पैसा कोणाच्या खात्यावर जमा होतो, हे मात्र फार उशिरा विचारले गेले.

आलापल्लीचे सागवान म्हटले की विदर्भातला सुतार अजूनही लाकडावरून हात फिरवून बघतो. इंग्रजांनी अहेरीचे जंगल राखीव केले ते या सागासाठी, आणि स्वतंत्र भारताच्या वनखात्याने तीच व्यवस्था पुढे चालवली. कूप आखायचे, झाडांवर खुणा करायच्या, तोड करायची, लठ्ठे ओढून डेपोत आणायचे. १९७४ साली राज्याचे वनविकास महामंडळ आले आणि हे काम आणखी पद्धतशीर झाले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून वाजतगाजत लाकूड रवाना झाले, ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले. एवढे लाकूड गेले, तरी कूपात राबणाऱ्या माडिया-गोंड मजुराला हंगामापुरती रोजीच मिळाली. लाकूड चिरण्याचे, विकण्याचे, त्याचे फर्निचर करून चार पैसे जास्त मिळवण्याचे काम बहुतांशी दुसऱ्या गावांनी केले. मूळ जंगल कसे होते हे पाहायचे असेल तर भामरागडच्या रस्त्यावरचे ‘वनवैभव’ आहे; अवघे सहा हेक्टर, २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेले.

बांबूची कथा याहून कडवट आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला तो स्वस्तात मिळत राहिला आणि गावकऱ्याने टोपली विणायला तोडला तर गुन्हा झाला. कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षात होती. ती चूक दुरुस्त व्हायला २०१७ साल उजाडले.

१९८० मध्ये नक्षलवादी पीपल्स वॉर गटाचे तरुण गोदावरी-प्राणहिता ओलांडून इकडे आले. त्या नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबीनपेठ्यात त्यांच्यातला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला, आणि हा भाग पुढची चार दशके बातम्यांत राहिला तो बहुधा रक्तामुळेच. या काळाचा आर्थिक हिशेब मांडताना दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. तेंदूपत्त्याचा शेकडा (शंभर पुड्यांचा) भाव आणि बांबूतोडीची मजुरी सुरुवातीच्या वर्षांत वाढली, ती त्यांच्या दलमच्या, म्हणजे सशस्त्र पथकांच्या, धाकाने वाढली. जे काम मजूर कायदा, तहसीलदार आणि लोकप्रतिनिधी यांना करता आले नव्हते, ते बंदुकीने केले, ही शासनासाठी लाजेची गोष्ट होती. पण पुढे त्याच ठेकेदारांकडून दलम खंडणी घेऊ लागले, आणि ती खंडणी शेवटी पाने तोडणाऱ्या बाईच्याच भावातून वजा होत गेली. रस्ते होऊ दिले नाहीत, पूल होऊ दिले नाहीत, खबरे ठरवून गावातलीच माणसे मारली. १९९१ मध्ये अहेरीचे तेव्हाचे आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचे अपहरण झाले. त्याच्या आदल्या वर्षी पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले होते, त्यात भरती झाली तीही याच गावांतल्या पोरांची. बारावी झालेल्या मुलासमोर पक्क्या पगाराची जवळची वाट म्हणजे पोलीस भरती. आणि शाळा सुटलेल्या मुलामुलींसमोर दलम. एकाच पाड्यातली पोरे दोन्हीकडे गेली आणि एकमेकांवर गोळ्या झाडत राहिली. या जिल्ह्याचे यापेक्षा मोठे नुकसान कुठल्याही आकडेवारीत सापडणार नाही.

मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला एक टप्पा, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो वनखात्याच्या हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला मिळाले. बांबू विकून आलेला पैसा पहिल्यांदा गावाच्या खात्यावर जमा झाला. जिल्ह्यात नंतर हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले. २०१४ मध्ये राज्याचे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियम आले आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करायची वाट ग्रामसभांना मोकळी झाली.

मे महिन्यातले ते पंधरा-वीस दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या बदलाचे वजन कळेल. पहाटे अंधारात सगळे घर जंगलात, दुपारी अंगणात बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. पूर्वी या मेहनतीवरची रॉयल्टी शासनाकडे जायची आणि बोनस कधी हाती येईल याची वाट पाहावी लागायची. आता मजुरीही गावाची आणि रॉयल्टीही गावाची. त्या पैशातून कुणी शाळेसाठी खोली बांधली, कुणी आजारपणाला हात दिला. सगळे गोड नव्हते. २०१७ साली भाव कडाडले, पुढल्या हंगामात कोसळले, काही ठेकेदारांनी गावांचे पैसे थकवले. तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी आला, तो कोणी भरायचा यावर ग्रामसभा गांगरल्या. त्यांना हिशेबनीस हवा होता, गोदाम हवे होते, भाव पडल्यावर माल धरून ठेवता येईल एवढे भांडवल हवे होते. शासनाने हक्काचा कागद दिला आणि तिथेच हात आखडता घेतला.

मग सूरजागड. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या झाली. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले, त्या डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरच्या आसपास वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून ते पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये १ कोटी टन झाली, २०२५ मध्ये २ कोटी ६० लाखांपर्यंत गेली. रोजगार आला, हे खुल्या मनाने मान्य केले पाहिजे. पुण्या-हैदराबादेला वॉचमन म्हणून गेलेली मुले परत येऊन मशीन चालवू लागली. आदिवासी मुली डंपरच्या चाकामागे बसल्या. कंपनीच्या कोनसरीच्या लोह कारखान्यात आत्मसमर्पण केलेल्या माओवाद्यांनाही नोकऱ्या मिळाल्या. महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेत जमा होणारा पगार ही या गावांसाठी नवी गोष्ट आहे आणि ती फार चांगली गोष्ट आहे.

पण त्याच वर्षांत आलापल्लीकरांनी लाल धूळ खाल्ली. खनिजाच्या ट्रकांनी एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याची चाळण केली, अपघातांत माणसे गेली, धान आणि कापसावर थर बसला. खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी २०२५ च्या जुलैत सुरू झाली. हे आधी व्हायला हवे होते. त्याच वर्षी खनिजशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन देण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. त्यात एक लाखाहून अधिक झाडे जाणार आहेत. सहा हेक्टरांचा वारसा जपणाऱ्या तालुक्याशेजारी हा आकडा वाचताना पोटात कालवते. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीला तिथे यात्रा भरते. एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला २०२३ मध्ये महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसलेल्या लोकांनी खाणींना विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर माओवाद्यांचा शिक्का मारण्याची घाई झाली. त्यांची मागणी ग्रामसभेला विचारा एवढी साधी होती, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे.

राजकीय बाजूने मात्र काळ झपाट्याने पालटला. १ जानेवारी २०२५ रोजी गर्देवाडा-वांगेतुरी भागात स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली, आणि त्याच दिवशी जवळपास चार दशके दलममध्ये असलेल्या माओवादी नेत्या तारक्काने मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्र ठेवले. १५ ऑक्टोबरला तिचा पती, पॉलिट ब्यूरोचा सदस्य भूपती, ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. ज्या गावांनी दोन्ही बाजूंच्या बंदुका सोसल्या त्यांना हा श्वास मिळालाच पाहिजे होता.

आता शासनाची कारणे संपली आहेत. दलमच्या भीतीने अधिकारी गावात येत नाहीत, हे सांगता येणार नाही. कोनसरीत पोलाद ओतले जाईल तेव्हा फिटर, वेल्डर, रसायनतज्ज्ञ बाहेरून आणायचे आणि हमाली स्थानिकांना द्यायची, असे पुन्हा होऊ द्यायचे नसेल तर अहेरी-एटापल्लीच्या आयटीआयत आजच तसे वर्ग हवेत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीचा पहिला हिस्सा धूळ खाल्लेल्या गावांच्या दवाखान्यांना हवा. आणि तेंदूपत्त्याचे म्हणाल तर २०२५ च्या सप्टेंबरात त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, खंडणी मागणारेही जवळपास उरलेले नाहीत. इतकी वर्षे ठेकेदार या दोन गोष्टी पुढे करून भाव पाडत आले. ग्रामसभांनी पुढच्या लिलावात बोली उघडण्याआधी हाच हिशेब टेबलावर ठेवावा आणि तो फरक शेकड्याच्या भावात मागून घ्यावा.